पिकअपची उंची आणि चाकांतली हवा: दोन लिफ्ट किट वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्याकडे इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आहे. आठवड्यातून किमान दोनदा ती नागपूर ते काटोल आणि तेथून पुढे बागेपर्यंतच्या पांदण रस्त्याने जाते; आंबिया बहाराच्या तोडणीत हौद्यात संत्र्यांची आठ-नऊ कॅरेट, म्हणजे दीड-पावणेदोनशे किलो वजन घेऊन कळमना बाजारात येते, आणि उरलेले दिवस शहरातल्या सिमेंट रस्त्यांवर रिकामी फिरते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत बैलगाड्यांच्या चाकोऱ्या इतक्या खोल होतात की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. केवळ एवढ्या कारणासाठी मी गाडी दोन इंच उंच करून घेतली. दीड वर्षात दोन वेगवेगळ्या प्रकारचे लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करणारे सुट्या भागांचे संच, वापरून झाले, आणि त्या काळात टायरमधील हवेचा दाबही अनेकदा बदलून पाहिला. गाडी उंच केल्यावर ती ‘कडक’ झाली अशी तक्रार अनेक पिकअपमालक करतात; ती तक्रार माझीही होती. तिच्यातला किती भाग किटचा आणि किती भाग हवेचा, हे मला बरेच पैसे खर्च झाल्यावर कळले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पहिले किट स्पेसरचे होते. शहरातील एका कार्यशाळेत बसवण्याच्या मजुरीसह 24 हजार रुपयांत काम झाले. पुढच्या बाजूला स्प्रिंगच्या डोक्यावर साधारण एक इंच जाडीची कडी घालून स्प्रिंग आणखी दाबून बसवली आणि मागच्या बाजूला पाट्यांच्या कमानीत (स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या थरात) एक जादा पाटा घातला. पुढे एक इंचाची कडी घातली की गाडी दोन इंच उचलली जाते, याचे कारण शॉक ॲब्सॉर्बर खालच्या आर्मच्या (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) साधारण मध्यावर बसतो आणि चाक आर्मच्या टोकाला असते. मध्ये एक इंच सरकले की टोकाला सुमारे दुप्पट सरकते. उंची मिळाली, दिसायला गाडी रुबाबदार झाली, पांदणीत पोट घासणे थांबले. परंतु काटोल नाक्यापासून फेटरीपर्यंत जातानाच आईने मागच्या सीटवरून विचारले, “बाळा, गाडीचं काही तुटलं तर नाही ना?” प्रत्येक स्पीडब्रेकर उतरताना पुढून ‘ठक्’ असा धातूचा आवाज येत होता, आणि मागचा भाग रस्त्यातल्या प्रत्येक सांध्यावर उडत होता.

पुढच्या आवाजाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कडी घालून स्प्रिंग आधीच दाबली, म्हणजे स्प्रिंग अधिक ताठ झाली असा समज सर्वत्र आहे, पण तो बरोबर नाही. सरळ साध्या स्प्रिंगचा ताठपणा तिच्या तारेच्या जाडीवर, वेटोळ्यांच्या व्यासावर आणि संख्येवर ठरतो. कडीने तो बदलत नाही. गाडीचे वजन तेवढेच असल्यामुळे स्प्रिंग पूर्वीइतकीच दबून उभी राहते, मात्र शॉक ॲब्सॉर्बर पूर्वीपेक्षा अधिक ताणलेल्या अवस्थेत उभा असतो. चाकाला खड्ड्यात उतरण्यासाठी जी जागा लागते ती त्यामुळे कमी होते. स्पीडब्रेकरवरून गाडी उतरली की चाक खाली जाऊ पाहते, शॉकचा दांडा लगेच शेवटापर्यंत पोहोचतो आणि आतल्या आत आपटतो. तोच तो ‘ठक्’ आवाज. कडी स्प्रिंगवर न घालता संपूर्ण शॉकच्या वरच्या बैठकीवर घालण्याची दुसरी पद्धत आहे. तिच्यात हा आवाज येत नाही आणि गाडीची चाल बरीचशी मूळ गाडीसारखी राहते, पण चाक पूर्ण लटकले असता वरच्या आर्मचा बॉल जॉइंट आणि पुढच्या ॲक्सलचे सांधे मूळ मर्यादेपेक्षा अधिक कोनात वळतात. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत ही झीज महाग पडते.

मागचा जादा पाटा हा वेगळा प्रश्न होता. तेथे ताठपणा खरोखरच वाढला. हौद्यात कॅरेट असताना गाडी छान समतोल चालत असे, मागचे बूड खाली बसत नसे. पण रिकाम्या गाडीत मागे वजनच नसल्यामुळे तो पाटा वाकतच नव्हता आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का सरळ सीटपर्यंत पोहोचत होता. पिकअप विकत घेणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला आधी विचारावा असा प्रश्न हाच आहे, की माझी गाडी वर्षातले किती दिवस भरलेली असते. माझी गाडी दहातले आठ दिवस रिकामी असते, आणि मी मात्र दोन दिवसांसाठी योग्य असलेले पाटे बसवून घेतले होते.

मी कार्यशाळेत परत गेलो तेव्हा “भाऊ, उंच केली की गाडी थोडी कडक होतेच” एवढे उत्तर मिळाले. त्या उत्तराने माझे समाधान झाले नाही, कारण मागच्या बाजूचे तसे असले तरी पुढचा कडकपणा फार विचित्र होता: मोठ्या खड्ड्यात गाडी झुलत होती आणि बारीक खडबडीत रस्त्यावर मात्र दात वाजावेत अशी थरथरत होती. स्प्रिंग ताठ असती तर ती खड्ड्यात झुलली नसती. शेवटी मी घरी स्वतःचा गेज आणला आणि सकाळी गाडी न हलवता चारही चाकांतील हवा मोजली. प्रत्येक चाकात 41 ते 42 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा होती. चालकाच्या दाराजवळच्या खांबावर चिकटवलेल्या पाटीवरील आकड्यापेक्षा ती बरीच जास्त होती. किट बसवताना तेथील मुलाने ‘मोठी गाडी आहे’ म्हणून तेवढी हवा भरली होती, आणि मी तीन आठवडे सगळा दोष स्प्रिंगला देत होतो.

टायर हीदेखील एक स्प्रिंग आहे, ही गोष्ट आपण विसरतो. ती हवेची स्प्रिंग आहे, तिच्यातला दाब जवळपास ज्या प्रमाणात वाढतो त्याच प्रमाणात तिचा ताठपणा वाढतो, आणि तिला शॉक ॲब्सॉर्बर नसतो. सिमेंट रस्त्यांचे सांधे, उड्डाणपुलावरील लोखंडी जोड, वेग कमी करण्यासाठी मारलेले पांढरे पट्टे, खडी उघडी पडलेला डांबरी रस्ता असे बारीक, झटपट येणारे धक्के मुख्यतः टायरच गिळतो, कारण तेवढ्या लहान आणि जलद हालचालीला चाक, ॲक्सल आणि पाटे यांचे वजन साथ देऊ शकत नाही. याउलट मोठा खड्डा, स्पीडब्रेकर, रस्त्याची खचलेली कड असे दीर्घ धक्के स्प्रिंग आणि शॉक यांच्या वाट्याला येतात. त्यामुळे तक्रार कोणत्या रस्त्यावर येते यावरून दोष कोठे आहे याचा बराच अंदाज बांधता येतो. अजनी चौकापासून वर्धा रोडने विमानतळाकडे जाताना गाडी थरथरत असेल तर आधी हवा पाहावी. पांदणीत डोके छताला लागत असेल तर स्प्रिंग आणि शॉक पाहावेत.

यानंतर मी एक साधा प्रयोग केला. चार रविवार, सकाळी सात वाजता, रिकामी गाडी, तोच काटोल रोड, तोच वेग. फक्त हवा 40, 36, 32 आणि 28. चाळीसवरून छत्तीसवर आल्यावर आवाज कमी झाला, बत्तीसला गाडी ओळखू येणार नाही इतकी मऊ झाली आणि आई परतीच्या वाटेत चक्क झोपली. अठ्ठावीसला आणखी मऊपणा जाणवला, पण लेन बदलताना स्टिअरिंग उशिरा प्रतिसाद देऊ लागले आणि गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला ओघळल्यासारखी वाटू लागली. उंच केलेल्या गाडीत गुरुत्वमध्य वर गेलेला असल्यामुळे हे अधिकच जाणवते. माझ्या गाडीला रिकामी असताना 32 आणि कॅरेट भरलेली असताना मागे 38 हे आकडे मानवले. हे आकडे कोणी जसेच्या तसे उचलू नयेत. आपल्या गाडीच्या पाटीपासून सुरुवात करावी आणि टायर मूळ आकाराचे किंवा मूळ प्रकारचे नसतील तर अधिक सावध राहावे. जाड बाजूंचे, अधिक प्लायचे (थरांचे) लाइट ट्रक टायर बसवले असतील तर तेवढेच वजन पेलण्यासाठी त्यांना अनेकदा जास्त हवा लागते, आणि कमी हवेतही त्यांच्या बाजू मुळातच ताठ असल्यामुळे साध्या टायरचा मऊपणा त्यांच्यातून मिळत नाही.

नागपूरच्या उन्हाचा विचार येथे वेगळा करावा लागतो. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढले की टायरमधील दाब सुमारे 1 पीएसआयने वाढतो. जानेवारीतल्या 10 अंशांच्या पहाटे भरलेली हवा मे महिन्याच्या 45 अंशांच्या दुपारी, गाडी न चालवताही, पाच-सहा पीएसआयने जास्त दिसेल. म्हणून ऋतू बदलला की हवा पुन्हा मोजावी, आणि ती सकाळी, टायर थंड असतानाच मोजावी. प्रवासात तापलेल्या टायरमधून ‘जास्त झाली’ म्हणून हवा काढणे मात्र धोक्याचे आहे. टायर थंड झाला की तो गरजेपेक्षा खाली गेलेला असतो. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, अधिक तापतो, आणि समृद्धी महामार्गासारख्या लांब, सरळ सिमेंट रस्त्यावर 120 च्या वेगाने तासन्‌तास चालवला तर फुटू शकतो. शिवमडक्याहून समृद्धीवर चढण्यापूर्वी मी पाटीवरील पूर्ण दाब भरतो आणि थोडा कडकपणा आनंदाने सोसतो. नायट्रोजनबद्दल एवढेच सांगतो की साध्या हवेतही सुमारे 78 टक्के नायट्रोजनच असतो. दाब महिन्यातून दोनदा मोजणाऱ्या माणसाला त्यावर वेगळा खर्च करण्याची गरज मला वाटत नाही.

हवेने अर्धा प्रश्न सुटला, उरलेल्या अर्ध्यासाठी मी गेल्या दिवाळीनंतर दुसरे किट घेतले. यात कडी नव्हती. पुढे लांब स्प्रिंग आणि तिला जुळणारे लांब शॉक, मागे पूर्ण नवे पाटे आणि त्यांना जुळणारे शॉक असा संपूर्ण संच होता. अशा प्रकारचे संच अनेक नावांनी मिळतात, त्यामुळे नावापेक्षा निवडीची पद्धत महत्त्वाची आहे. विकणाऱ्याने पहिला प्रश्न विचारला तो हौद्यातल्या कायमच्या वजनाचा आणि पुढे लोखंडी बंपर किंवा विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) आहे का याचा. पुढे काहीच नाही आणि मागे बहुतेक वेळा रिकामे, हे ऐकून त्याने सर्वांत हलक्या भाराचे पाटे सुचवले, जरी जड पाटे त्याच्याकडे तयार होते आणि हलक्यांसाठी मला बारा दिवस थांबावे लागले. त्या प्रामाणिक सल्ल्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. संच आणि मजुरी मिळून खर्च 1 लाख 18 हजार झाला.

काम दुसऱ्या एका कार्यशाळेत झाले, आणि येथे कामाच्या पद्धतीतील फरक डोळ्यांनी पाहायला मिळाला. आर्मच्या आणि पाट्यांच्या बुशांचे (सांध्यांतील रबरी नळ्यांचे) नटबोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना त्यांनी फक्त हाताने लावले आणि गाडी जमिनीवर उतरवून, तिचे वजन चाकांवर आल्यानंतरच पूर्ण आवळले. रबरी बुश लटकत्या अवस्थेत आवळले, तर गाडी खाली येताच ते कायमचे पिळलेले राहतात. गाडी विनाकारण ताठ चालते आणि बुश लवकर फाटतात. माझ्या पहिल्या किटच्या वेळी नेमके हेच झाले होते, कारण काढलेले बुश एका बाजूने चिरलेले निघाले. त्यानंतर अलाइनमेंट करताना टो (चाकांची दिशा) आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) यांच्यासोबत कॅस्टरही, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा पुढे-मागे असलेला कलही, पाहिला गेला. उंची वाढली की कॅस्टर कमी होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येण्याची सवय सोडते. हेडलाइट खाली वळवून दिले, ब्रेकचे पाइप चाक पूर्ण लटकवून ताणले जात नाहीत ना हे तपासले आणि एक हजार किलोमीटरनंतर यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे बोल्ट) पुन्हा आवळण्यासाठी बोलावले. ज्या पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलवरील भार ओळखून ब्रेकचा जोर ठरवणारा व्हॉल्व्ह असतो, तेथे त्याचा दांडाही नव्या उंचीनुसार जुळवावा लागतो, नाहीतर गाडी भरलेली असूनही व्हॉल्व्ह तिला रिकामी समजतो आणि मागचे ब्रेक कमी लागतात.

आता स्पीडब्रेकरवर आवाज नाही. पांदणीत गाडी एका बाजूला कलते तेव्हा खालचे चाक मातीला धरून राहते, पूर्वीसारखे हवेत लटकत नाही. रिकाम्या गाडीचा मागचा भाग अजूनही कारसारखा मऊ नाही आणि पाट्यांच्या पिकअपमध्ये तो तसा होणारही नाही. ही अपेक्षा ठेवून कोणी एवढा खर्च करू नये. डिझेल थोडे अधिक लागते. सर्वांत खरी अडचण चढण्या-उतरण्याची आहे: सत्तरीतल्या आईसाठी पायरी बसवली, तरी ती पूर्वीइतक्या सहज चढत नाही, आणि या एका गोष्टीचा मी आधी विचार करायला हवा होता.

कायद्याबद्दल दोन वाक्ये आवश्यक आहेत. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल गाडीत करता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही तरतूद काटेकोरपणे वाचली आहे. त्यामुळे किट घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी, विमा कंपनीला लेखी कळवावे आणि दोन इंचांच्या पुढे जाण्याचा मोह टाळावा.

ज्यांची गाडी आज कडक वाटते, त्यांनी कार्यशाळेत जाण्यापूर्वी उद्या सकाळी थंड टायरची हवा मोजावी. चांगला गेज आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर मिळून मला साडेतीन हजारांत पडले. ते दोन्ही आता मागच्या सीटखाली असतात. कळमन्यात कॅरेट उतरली आणि टायर थंड झाले की तेथेच मागची हवा 38 वरून 32 करतो, आणि बागेत माल भरण्यापूर्वी परत भरून घेतो. दोन्ही चाकांना मिळून सात-आठ मिनिटे लागतात.