बालेवाडीतील सर्व्हिस अपार्टमेंट : काही आठवड्यांच्या मुक्कामासाठी

पुण्याजवळच्या हिंजवडीतील राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये काही आठवड्यांसाठी कामाला येणाऱ्यांना हॉटेलची खोली लवकरच अपुरी वाटू लागते, आणि फ्लॅट भाड्याने घ्यायचा म्हटला तर अनामत रक्कम, लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी आणि पोलीस पडताळणी हा सारा खटाटोप एवढ्या थोड्या मुदतीसाठी करावा लागतो. म्हणूनच मी बालेवाडीतील एका सर्व्हिस अपार्टमेंटची, म्हणजे हॉटेलसारख्या सेवेसह थोड्या दिवसांसाठी मिळणाऱ्या सुसज्ज फ्लॅटची, निवड केली आणि एकंदरीत ती योग्य ठरली.

या जागेची खरी जमेची बाजू म्हणजे स्वयंपाकघर. रोज बाहेरचे जेवून पोट बिघडते, हे फिरतीवर असणाऱ्या कोणालाही सांगायला नको. रात्री घरी येऊन वरण-भाताचा कुकर लावता येणे याचे मोल फार मोठे आहे. मात्र इथे शेगडी इंडक्शनची आणि दिलेला कुकर साध्या ॲल्युमिनियमचा होता. असा कुकर त्या शेगडीवर तापतच नाही, हे व्यवस्थापनाच्या ध्यानात आधीच यायला हवे होते. तक्रार केल्यावर केअरटेकरांनी दुसऱ्या दिवशी स्टीलचा कुकर आणून दिला, शिवाय पोळपाट-लाटणेही न मागता आणले. वॉशिंग मशीन आणि कपडे वाळत घालायला मोकळी बाल्कनी आहे. वीज गेल्यावर दिवे, पंखे आणि वायफाय चालू राहतात, पण गीझर व एसी बॅकअपवर नाहीत. कामासाठी वेगळे टेबल नसून जेवणाच्याच टेबलावर लॅपटॉप मांडावा लागतो, आणि त्याची खुर्ची दिवसभर बसण्याजोगी नाही. या भाड्यात एवढी अपेक्षा नक्कीच रास्त आहे.

बिल कंपनीच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह वेळेवर मिळाले. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला असला, तरी त्यासोबतची इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) न घेण्याची अट जागा देणाऱ्याला आहे, त्यामुळे कंपनीला या बिलावरचे क्रेडिट मिळेल का, हे आपल्या लेखापालाकडून तपासून घ्यावे. विजेचे बिल भाड्यात धरले आहे की युनिटप्रमाणे वेगळे आकारले जाईल, हेही बुकिंगपूर्वी लेखी घ्यावे.

बाणेर-बालेवाडी परिसरात काम असणाऱ्यांना मी ही जागा निःसंकोच सुचवेन. आयटी पार्कच्या फेज ३ मध्ये रोज जावे लागणार असेल, तर वाकडची कोंडी लक्षात घेऊन हिंजवडीतच राहण्याची सोय पाहणे बरे.