कॅनव्हासचा तंबू : इंदूरकरांनी घ्यावा का?

चोरल, जानापाव, मांडू किंवा महेश्वरला गाडीने जाऊन दोन रात्री राहायचं असेल, तर नायलॉनच्या घुमटाकार तंबूपेक्षा सुती कॅनव्हासचा तंबू कितीतरी सुखाचा. मात्र परतल्यावर तो वाळवायला गच्ची हवी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आधी या एकाच गोष्टीचा विचार करावा, बाकीचे गुणदोष नंतर.

इथे डोळ्यांसमोर आहे तो मध्ये एक खांब असलेला, ४ मीटर व्यासाचा गोल तंबू. खांब-मेखांसकट वजन २५ किलोच्या घरात, त्यामुळे डोंगर चढून नेण्याची ही वस्तूच नाही. विकणारे सहा माणसांचा म्हणतात, पण सामान धरून चौघंच नीट झोपतात. आतली जमीन साडेबारा चौरस मीटर, आणि तणाव्यांसाठी, म्हणजे तंबू ताणून धरणाऱ्या दोरांसाठी, चहूबाजूंनी आणखी दीड मीटर मोकळं लागतं.

कापड ३०० ते ३६० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचं घ्यावं. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. नमुन्याचा १० × १० सेंटीमीटरचा तुकडा मागा आणि सराफ्यातल्या काट्यावर तोलून घ्या. ३२० जीएसएमचा तुकडा ३.२ ग्रॅम भरला पाहिजे. वरून मेणाचा किंवा प्लॅस्टिकचा जाड लेप दिला असेल तर कापड पातळ असूनही वजन भरतं, म्हणून तुकडा उजेडासमोर धरून वीण किती घट्ट आहे तेही पाहावं.

माळव्याच्या हिवाळ्यात या कापडाची खरी किंमत कळते. दिवसा २६-२७ अंश, रात्री १० च्या आसपास. एकेरी नायलॉनमध्ये श्वासाची वाफ थंड कापडावर जमते आणि पहाटे अंथरुणावर ठिबकते. सुती कापड ती वाफ बाहेर जाऊ देतं, वाऱ्यात फडफडही कमी करतं. मे महिन्यात मात्र एकेरी कॅनव्हासही तापतोच. तेव्हा वर दुसरं छत हवं आणि दोन्हींमध्ये वीतभर हवा खेळायला हवी. खालच्या कडा गुंडाळून वर बांधता येणारा तंबू उन्हाळ्यात फार उपयोगी पडतो.

नवा तंबू तसाच घेऊन निघू नका. गच्चीवर उभा करून नळीने निथळेपर्यंत भिजवा, पूर्ण वाळवा आणि हे पुन्हा एकदा करा. सुती धागा फुगून सुईची भोकं भरतात. शिलाई निव्वळ पॉलिस्टरच्या धाग्याची असेल तर ती भोकं भरत नाहीत, तिथे शिवणीवर आतून-बाहेरून मधमाशांचं मेण चोळावं लागतं. पाऊस पडत असताना आतून कापडाला बोट किंवा पिशवी टेकू देऊ नका, टेकलेल्या जागी पाणी झिरपायला लागतं.

उभारताना बहुतेकांची चूक दाराशी होते. जमिनीवरचे कोपरे ठोकण्याआधी दाराची चेन पूर्ण लावलेली हवी, नाहीतर नंतर ती ओढून लावावी लागते आणि दात उसवतात. आधी दाराच्या दोन मेखा, मग समोरच्या बाजूची, मग उरलेल्या. त्यानंतर मधला खांब आणि शेवटी तणावे, प्रत्येक तणावा छताच्या शिवणीच्या सरळ रेषेत. सोबत आलेल्या बारीक मेखा काळ्या मातीत टिकत नाहीत. ही माती वाळली की भेगाळते, भिजली की फुगून मऊ होते आणि मेख वर येते. तिथे फूट-दीड फूट लांबीची मेख हवी. जानापावसारख्या ठिकाणी वीतभर मातीखाली काळा दगड लागतो, तिथे १२ मिलिमीटरच्या सळईचे तुकडे आणि जड हातोडा न्यावा. तणावे सुती दोराचे असतील तर रात्री झोपण्याआधी थोडे सैल करा. दवाने ते आखडतात आणि मेख उपटतात.

तंबूत शेगडी पेटवू नका, विझत आलेले निखारेसुद्धा आत आणू नका. कापडातून हवा खेळते म्हणून चालेल, हा समज जीवघेणा आहे. बंद दारात कोळशाचा विषारी वायू साठतो आणि झोपलेल्या माणसाला जागच येत नाही.

पावसाळा हा या तंबूचा सर्वांत मोठा दोष. भिजल्यावर वजन बरंच वाढतं आणि तसाच गुंडाळून ठेवला तर दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरू शकते. बुरशी सुताचाच तंतू खाते. पांढरी भुकटी असेपर्यंत कोरड्या ब्रशने झटकून पातळ केलेल्या व्हिनेगरने पुसता येते, पण काळे ठिपके जात नाहीत. ब्लीच लावाल तर कापड कुजल्यासारखं फाटेल. कपडे धुण्याची पावडरही नको, ती पाणी अडवणारा थर काढून टाकते. जुलै-ऑगस्टमध्ये पाताळपाणीच्या बाजूला राहायचं असेल तर नायलॉनचाच न्या, तो पंख्याखाली वाळतो.

दुरुस्ती मात्र सोपी. तिरपाल शिवणारा कुणीही सुती ठिगळ लावून देतो. नायलॉनचा आतला लेप एकदा चिकट होऊन सुटायला लागला की त्यावर असा सहज इलाज नाही.

ठेवताना सुती पिशवीत, जमिनीपासून उंच आणि उंदरांपासून दूर. जुना तंबू विकत घेत असाल तर तळाची कड आणि मेखांच्या कड्यांजवळचं कापड दोन्ही हातांनी जोरात ताणून पाहा. कुजणं तिथूनच सुरू होतं. कापड तिथे टरकलं तर तंबू कितीही स्वस्त मिळत असला तरी घेऊ नका.