मॅसी १०३५ चा लिफ्ट किट आणि गव्हर्नरचा पडदा: उद्यमनगरातला सुटा माल

उद्यमनगरात काउंटरवर मॅसी १०३५ ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक लिफ्टसाठी मिळणाऱ्या बिनछापाच्या किटमध्ये ओ-रिंगा, पिस्टनच्या रिंगा आणि वरच्या कव्हरचं पॅकिंग येतं. रबर चांगलं, नखानं दाबलं की लगेच वर येतं. पॅकिंगचा कागद मात्र पातळ, तो वेगळा घ्या. जुनी ओ-रिंग सोबत नेऊन जाडी जुळवा.

पण आधी दुखणं ओळखा. लिफ्ट अजिबात उचलत नसेल तर ऑइलची पातळी आणि लिफ्टच्या पंपाची जाळी बघा. पावसाळ्यात गिअर दांड्याच्या रबरी टोपीतून पाणी उतरून ऑइल ताकासारखं झालं असेल, तर किट घालून काही होत नाही.

किटचं खरं काम मान डोलावणाऱ्या लिफ्टवर. सरीचा रेजर उचलून धरला की बोटभर खाली येतो, झटक्यानं पुन्हा वर जातो. आत ऑइल गळतं, लिफ्टचे हात खाली येतात, व्हॉल्व्ह पुन्हा भरतो. ऑइल झाकणाखाली येईपर्यंत काढा, उजवीकडचं डिपस्टिकचं झाकण खोला, इंजिन चालू ठेवून वजन उचला आणि बॅटरी मारून बघा. हात आत घालू नका, पंपाचा शाफ्ट फिरत असतो. सिलिंडरच्या तोंडातून धार आली तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. स्टँडपाइपच्या (पंपातून ऑइल वर नेणारी उभी नळी) बुडाशी आली तर त्याची ओ-रिंग. पंपाच्या अंगातून गळत असेल तर किट परत द्या, पंप उतरवावाच लागतो. कव्हर उचलण्याआधी स्टँडपाइप वर ओढून काढा, दोन माणसं आणि चेनब्लॉक लावा.

शेजारी मिळणारा गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनाची रेस सांभाळणाऱ्या यंत्राचा, चामडी पडदा फक्त जुन्या इनलाइन डिझेल पंपाचा, मागे गोल डबी आणि मॅनिफोल्डकडून आलेली बारीक नळी असलेल्या. रोटरी पंपाला तो लागत नाही. तिथं रेस झुलत असेल तर आधी डिझेलमधली हवा काढा, मग टेस्ट बेंच.

पडद्याची परीक्षा सोपी. इंजिन बंद, नळी सोडा, स्टॉपचा लिव्हर ओढून धरा, डबीचं तोंड बोटानं बंद करा, लिव्हर सोडा. रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पंपातली दांडी) थोडी सरकून मुंगीच्या पावलानं गेली तर पडदा शाबूत. सपकन टोकाला गेली तर फाटलाय, आणि तशी गाडी चालू करू नये: व्हॅक्यूम नाही म्हणजे पूर्ण डिझेल, रेस हाताबाहेर. नवा पडदा हातात कडक लागला तर घेऊ नका, रेस झुलतच राहील. अर्थात बऱ्याचदा पडदा ठीक आणि नळीच्या टोकाचा रबर तेवढा चिरलेला असतो. तो तुकडा त्याच काउंटरवर कापून मिळतो.