घरासाठी अडीच लाखांची मदत की व्याजात सूट?

शेजारच्या वहिनी प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, पासबुक, आधार घेऊन आल्या. पुण्यात पहिलं घर घ्यायचंय, पण प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मधून कुठला मार्ग धरायचा?

पैसा : भागीदारी प्रकल्पातल्या (सरकारने इतर संस्थांसोबत बांधलेल्या परवडणाऱ्या) घराला केंद्राचे दीड लाख, राज्याचे किमान एक लाख. गृहकर्जावरच्या व्याज अनुदानात जास्तीत जास्त १.८० लाख, तेही ३६ हजारांच्या पाच वार्षिक हप्त्यांत. कर्ज घाईने फेडू नका. निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असेल तरच पुढचा हप्ता येतो.

पात्रता : पहिल्याला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत, दुसऱ्याला नऊपर्यंत. दुसऱ्यात घर ३५ लाखांच्या आत, कर्ज २५ च्या आत. दोन्हीकडे देशात कुठेही पक्कं घर नको. गावचं पक्कं घर नावावर असेल तर विषय संपला.

जागा : प्रकल्पाचं घर ३० ते ४५ चौरस मीटर, आणि प्रकल्प असेल तिथे. व्याज अनुदानात घर आपण शोधायचं, पण बँक बहुधा पगाराची स्लिप मागते. वहिनींच्या पोळ्यांच्या कामाची स्लिप कोण देणार?

त्यांच्यासाठी प्रकल्पाचंच घर बरं, वाट पाहावी लागली तरी. पगार खात्यात जमा होणाऱ्या त्यांच्या भावाने मात्र कर्जच काढावं.