हीटेड रायव्हलरी : पाचव्या भागातल्या त्या फोनसाठी बघा

काल रात्री दुसऱ्यांदा सगळे सहा भाग संपवले आणि आता लिहायला बसलोय, कारण आमच्या चौघींच्या ग्रुपवर ह्या सिरीजवरनं इतकी भांडणं झालीत की माझं म्हणणं तिथं कोण पूर्ण ऐकूनच घेत नाही. (मी मुलगी आहे, पण आम्ही बेळगावच्या पोरी 'मी आलो, मी जातो' असंच बोलतो आणि मी लिहितो पण तसंच.) आम्ही चौघी म्हणजे टिळकवाडीची मी, एक शहापूरची, एक निपाणीची आणि एक खानापूरची. चौघींनी पुस्तक आधी वाचलेलं, म्हणून सिरीज येणार म्हटल्यावर आनंदापेक्षा भीतीच जास्त होती की आता ह्याची वाट लावतात का काय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रेचल रीड ह्या कॅनडाच्या लेखिकेचं २०१९ चं पुस्तक, गेम चेंजर्स नावाच्या मालिकेतलं दुसरं. शेन हॉलंडर मॉन्ट्रियलकडनं खेळतो, इल्या रोझानोव्ह हा रशियन पोरगा बॉस्टनकडनं, दोघं आईस हॉकीतले स्टार, पेपरवाल्यांच्या हिशोबात एकमेकांचे कट्टर दुश्मन, आणि एकमेकांच्या ओढीनं लपूनछपून वर्षानुवर्षं भेटणारे. गोष्ट २००८ ला सुरू होते आणि पुढं जवळजवळ दहा वर्षं चालते. जेकब टिअर्नीनं सगळे सहा भाग स्वतःच लिहिलेत आणि दिग्दर्शन पण त्याचंच. कॅनडात क्रेव्ह ह्या स्ट्रीमिंग ॲपवर २८ नोव्हेंबर २०२५ ला पहिले दोन भाग आले, मग दर आठवड्याला एक. पुस्तकातली टीमची नावं बदललीत, व्हॉयाजर्सचं मेट्रोज आणि बेअर्सचं रेडर्स झालंय, त्याच्यावर पण निपाणीवालीनं एक अख्खी संध्याकाळ वाद घातला होता. मला त्याचं काही वाटलं नाही.

हॉकीबद्दल आधी बोलतो. हॉकी आमच्या गावाला नवीन नाही, १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये गोल्ड मिळवलेल्या टीममधले बंडू पाटील आमच्या बेळगावचेच. पण हा खेळ वेगळा. बर्फावर स्केट घालून, एका बाजूचे गोलकीपर धरून सहाच जण, वीस वीस मिनिटांचे तीन पिरियड, बॉलच्या जागी रबराची चपटी चकती म्हणजे पक, आणि अंगावर जाऊन धडकणं नियमातच बसतं. सिरीज बघून हा खेळ कळेल अशी आशा ठेवू नका. मॅच सुरू होते, दोन धडका, एक गोल, की लगेच लॉकर रूम. माझी ही पहिली तक्रार आणि ती खरीच आहे, कारण पुस्तकात दोघं एकमेकांच्या खेळावर आधी भाळतात, तो म्हणजे कसा वळतो, कसा पास देतो ह्याच्यावर, आणि इथं ते बोलण्यातनं जास्त कळतं, बघण्यातनं कमी.

आता कलाकार. हडसन विल्यम्स शेन झालाय आणि कॉनर स्टोरी इल्या. पुस्तकवाल्या लोकांना दोघंही नवीन होते, आम्हाला पण. पहिल्या भागाच्या पंधराव्या मिनिटाला खानापूरवालीचा मेसेज आला, 'हाच की गं तो'. तेवढ्यात विषय संपला. स्टोरी खरा अमेरिकन, टेक्सासचा, रशियन भाषा ह्या रोलसाठी शिकला, आणि रशियन बोलणाऱ्या प्रेक्षकांनी पण त्याचं कौतुक केलंय. विल्यम्सचं काम डोळ्यांत कमी भरतं पण मला तोच जास्त आवडला. शेनला सगळं नीट लागतं, वेळेवर लागतं, आईला वाईट वाटू नये असं लागतं, आणि आतनं तो किती घाबरलाय हे तो नुसतं जबडा आवळून दाखवतो.

शहापूरवालीनं दुसऱ्या भागानंतर बघणं बंद केलं. तिचं म्हणणं, सगळं बेडरूममध्येच चाललंय, गोष्ट कुठाय? असं म्हणणारे लई लोक आहेत आणि मी त्यांना चूक म्हणणार नाही, पहिले दोन भाग खरंच तसेच आहेत, आणि घरच्यांबरोबर हॉलमध्ये लावायची ही सिरीज नव्हेच. पण नीट बघा, ह्या दोघांना बोलायची सोयच नाही. एकाला इंग्रजी धड येत नाही, दुसऱ्याला मनातलं सांगता येत नाही, आणि बाहेर कळलं तर दोघांचं करिअर संपतं. मग जे काय सांगायचं ते त्या बंद खोलीतच सांगतात. थांबू का, चालेल का, असं विचारत विचारत. आणि दुसऱ्या भागात सोची ऑलिम्पिक येतं, २०१४ चं, तिथं इल्या आपल्याच देशात शेनशी अनोळख्यासारखा वागतो. रशियानं २०१३ मध्ये समलैंगिक नात्यांबद्दल उघड बोलण्याविरुद्ध कायदा केला आणि २०२३ च्या नोव्हेंबरात तिथल्या सुप्रीम कोर्टानं तर ह्या सगळ्या चळवळीलाच अतिरेकी ठरवलं, हे माहीत असलं की तो सीन नुसता रुसवा वाटत नाही, अंगावर येतो.

तिसऱ्या भागावरनं आमच्यात सगळ्यात मोठं भांडण झालं. ऐन रंगात आलेली गोष्ट सोडून हा भाग स्कॉट हंटर आणि किपकडं जातो, म्हणजे मालिकेतल्या पहिल्या पुस्तकाची जोडी, न्यूयॉर्कचा मोठा खेळाडू आणि स्मूदीच्या दुकानात काम करणारा पोरगा. निपाणीवाली म्हणाली, 'सहा भागांतला एक वाया घालवला, ह्यांचं कुणी विचारलं होतं?' मी पण पहिल्यांदा चिडलोच. पण पाचवा भाग बघितल्यावर मत बदललं. स्कॉट सगळ्या जगासमोर बर्फावर किपला बोलावून घेतो आणि त्याचं चुंबन घेतो, तो सीन तिसरा भाग नसता तर नुसता टाळ्यांचा झाला असता. इथं आपण ह्या माणसाला पडदे ओढून, दार लावून जगताना तासभर बघितलेलं असतं. म्हणून तिसरा भाग गाळू नका, कोण काय पण सांगू दे. आणि एक लक्षात घ्या, एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या सगळ्यात मोठ्या आईस हॉकी लीगमध्ये, खेळत असताना आपण गे आहे असं उघड सांगितलेला एक पण खेळाडू आजपर्यंत झालेला नाही. २०२१ मध्ये ल्यूक प्रोकॉप ह्या पोरानं सांगितलं, नॅशविलच्या टीमशी त्याचा करार झालेला होता, पण तो त्या लीगच्या मॅचमध्ये अजून उतरला नव्हता. त्यामुळं बर्फावरचा तो सीन खऱ्या आयुष्यात अजून घडायचाच आहे.

चौथ्यात इल्या शेनसाठी सँडविच करतो, दोघं पहिल्यांदा एकमेकांना आडनाव सोडून नावानं हाक मारतात आणि शेन घाबरून पळून जातो. एवढंच सांगतो, बाकी बघा.

आता पाचवा. इल्याचा बाप वारलेला, तो मॉस्कोत, घरच्यांशी पटत नाही, आणि तो शेनला फोन लावतो. इंग्रजीत बोलायला जातो आणि शब्द सापडत नाहीत. मग शेन म्हणतो की रशियनमध्येच बोल, मला कळणार नाही, पण तू बोल. आणि इल्या बोलतो. भाऊ, बाप, घर, सगळं, आणि शेवटी हे पण सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे. आपल्याला खाली सबटायटलमध्ये कळतंय आणि शेनला काही म्हणजे काही कळत नाही, तो नुसता ऐकतोय. सगळीकडं लोक बर्फावरच्या सीनबद्दल आणि शेनच्या सुट्टीतल्या घराबद्दल, म्हणजे कॉटेजबद्दल बोलतात, माझ्यासाठी अख्खी सिरीज ह्या फोनमध्ये आहे.

ह्याचं कारण माझ्यापुरतं सांगतो. मी धारवाडला शिकायला होतो तेव्हा माझे बाबा गेले. सगळं उरकून हॉस्टेलला परत आलो तर रूममेट होती विजापूरकडची, घरात फक्त कन्नड. माझं कन्नड म्हणजे आपलं बाजारापुरतं, बसच्या कंडक्टरपुरतं, वर्गातल्या नोट्सपुरतं. तिनं विचारलं काय झालं, मी कन्नडात दोन वाक्यं बोललो आणि पुढं येईना, दुःखाचं कन्नड मला कुणी शिकवलंच नव्हतं. तर ती म्हणाली, 'मराठ्याग हेळ, नडीतद.' म्हणजे मराठीतच सांग, चालतंय. आणि मी रात्री दोनपर्यंत मराठीत बोलत होतो. बाबांचं दुकान, त्यांची सायकल, शेवटच्या दिवशी मी फोन उचलला नव्हता ते, जे आईला पण सांगितलेलं नव्हतं ते सगळं. ती मधनं मधनं नुसतं 'हूं' म्हणायची. तिला कळत नव्हतं म्हणूनच मला ते बोलता आलं असं मला आता वाटतं. आमच्याकडं घरात एक भाषा, शाळेत दुसरी, ऑफिसात तिसरी, हे सगळ्यांचंच आहे, त्यामुळं इल्या इंग्रजीत तुसडा वाटतो आणि रशियनमध्ये एकदम लहान पोरासारखा होतो हे आम्हाला समजावून सांगावं लागत नाही. माझी कन्नड बोलणारी मैत्रीण मराठीत बोलायला लागली की सगळ्यांना असंच वाटतं की ही रागावलीय काय.

पाचव्याच भागाच्या शेवटी इल्याचा शेनला परत फोन येतो आणि तो कॉटेजला येणार म्हणून सांगतो. निपाणीवालीची मावशी आमच्याबरोबर बघायला बसली होती, तिला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून ही सबटायटल मराठीत वाचून दाखवत होती. 'मी येतो बघ कॉटेजला' असं ती बोलली आणि एकदम लक्षात आलं की हिला काही बदलावंच लागत नाही, आमच्या पोरींच्या तोंडी इल्याचं वाक्य जसंच्या तसं बसतंय. मावशी काही बोलली नाही, पण पुढचा भाग लाव म्हणाली.

आणि सहाव्यात आई. शेनचे वडील अचानक कॉटेजवर येतात, दोघांना बघतात, मग शेनला आईवडिलांना सांगावंच लागतं. तो आईची माफी मागतो आणि आईच उलट त्याची माफी मागते, की तुला मला सांगता येऊ नये असं मी काय केलं. आई झालेल्या क्रिस्टिना चँगनं तो सीन इतका साधा केलाय, आवाज चढवत नाही, रडून गोंधळ नाही. आमच्या ओळखीतला एक जण पुण्यात नोकरीला आहे, घरी काही सांगितलेलं नाही, तो म्हणाला की मी तेवढाच तुकडा परत परत लावून बघतो, बाकीची सिरीज तुम्ही घ्या. आपल्याकडं ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं कलम ३७७ मधला समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग काढला, कोर्टाचं काम झालं, पण जेवणाच्या टेबलावर आईसमोर बसून सांगायचं काम अजून ज्याचं त्यालाच करावं लागतंय. सौंदत्तीच्या डोंगरावर जोगप्पाच्या, म्हणजे यल्लम्माला वाहिलेल्या आणि बाईसारखं राहणाऱ्या माणसाच्या, पाया पडणारी माणसं आमच्याच जिल्ह्यातली, ती गोष्ट वेगळी आहे हे मला कळतंय, पण तीच माणसं घरात असं काही निघालं की महिनोन्महिने बोलत नाहीत.

बायकांना हे एवढं का आवडतं असं सारखं विचारतात, तर खानापूरवालीचं उत्तर मला पटलं. ती म्हणाली, इथं दोघांपैकी कुणालाच लग्नानंतर खेळ सोड म्हणून कोण सांगणार नाही. दोघं सारखेच मोठे, सारखेच हट्टी, आणि तरी एकमेकांपुढं नमतात.

दुसरी तक्रार, घाई. सहा भागांत दहा वर्षं, पडद्यावर वर्ष येतं, महिना येतो, वाचेपर्यंत पुढं गेलेलं असतं, पुस्तक न वाचलेल्या माणसाला पहिल्या दोन भागांत पत्ता लागत नाही. आणखी दोन भाग हवे होते. साडेचार स्टार देतो, अर्धा कापलाय तो ह्याचा आणि हॉकीचा मिळून. सबटायटल लावूनच बघा, इंग्रजी कितीही चांगलं असू दे, आणि पाचवा भाग मोबाईलवर बसमध्ये बघू नका, हेडफोन लावून एकटं बसा. शहापूरवालीला मी तिसऱ्यापासनं परत सुरू करायला लावलंय, ती काल चौथ्यावर होती.

दुसरा सीझन जाहीर झालाय, पुढचं पुस्तक 'द लाँग गेम' पण २०२२ मध्ये आलेलंच आहे. मला त्यात एकच बघायचंय, शेन बसून रशियन शिकताना, चुकत का होईना. माझी रूममेट शिकली होती. वर्ष संपेपर्यंत 'जेवलीस काय' एवढं तिला नीट यायला लागलं होतं.