स्लॅबवरची टाकी, बोअरचं पाणी आणि फुल्ली ऑटोमॅटिक मशीन: वापरानंतरचा अनुभव

साडेसहा किलोची टॉप लोड, फुल्ली ऑटोमॅटिक. घेतली पावसाळ्यात, आता मे लागलाय. धुण्याबद्दल तक्रार नाही. वावरातल्या कपड्यांवरची काळी माती आधी झटकून, तासभर भिजवून टाकली तर कपडे स्वच्छ निघतात. पिळणंही चांगलं. डोकेदुखी एकच: मशीन सुरू केली की पाणी भरत नाही, थोड्या वेळाने शिटी वाजते आणि एरर येतो. एलजीत आयई, सॅमसंगमध्ये ४ई किंवा ४सी, कोड वेगवेगळे पण अर्थ तोच. गावाकडच्या घरात यातला बहुतेक दोष मशीनचा नसतो, पाण्याच्या लाईनचा असतो. मेकॅनिक तालुक्याहून येतो, म्हणून आधी लाईन तपासावी.

पहिलं प्रेशर. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत किमान दाब ०.०३ मेगापास्कल लिहिलेला असतो, काहींना ०.०५ लागतो. ०.०३ म्हणजे साधारण १० फूट पाण्याचा उभा स्तंभ. आता आपल्या घराचा हिशोब करा. स्लॅब १० फुटांवर, टाकी थेट स्लॅबवर टेकलेली, मशीनचं पाण्याचं तोंड जमिनीपासून ३ फुटांवर. टाकीच्या तळापर्यंत उरले ७ फूट. हजार लिटरची टाकी काठोकाठ असेल तर आणखी ४, म्हणजे ११. अर्धी झाली की ९. सकाळी मोटार चालवल्यावर मशीन भरते आणि दुपारी अडते, ते यामुळे. वरून अर्धा इंची पाइप आणि सात-आठ एल्बो (पाइपाची वळणं) असतील तर वाहत्या पाण्याचा दाब आणखी खाली येतो.

तपासायची रीत सोपी आहे. मशीनकडची नळी सोडून १५ लिटरच्या बादलीत धरा. पण नळीचं तोंड मशीनच्या तोंडाएवढ्या उंचीवर धरा, जमिनीवर टाकू नका. जमिनीवर धार ३ फुटांनी जास्तीची मिळते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. बादली दोन मिनिटांत भरली तर पुढे चला. चार-पाच मिनिटं लागली तर मशीन उघडण्यात अर्थ नाही. टाकी मधे पूर्ण रिकामी झाली असेल तर लाईनमध्ये हवा अडकलेली असते. तोटी पूर्ण उघडून फुसफुस थांबेपर्यंत पाणी वाहू द्या.

कायमचा उपाय म्हणजे टाकी ४ फूट उंच ओट्यावर चढवणं, टाकीतून खाली १ इंची आणि तोटीपर्यंत पाऊण इंची लाईन. ओटा भिंतीच्या किंवा बीमच्या वर बांधा, भरलेल्या टाकीचं वजन एक टनाच्या वर जातं. ते जमत नसेल तर फ्लो स्विचवाला, म्हणजे पाणी वाहू लागलं की आपोआप सुरू होणारा, छोटा बूस्टर पंप. बोअरची मोटार थेट मशीनला जोडायची आयडिया कोणीतरी देतंच. जोडू नका, वाळू सरळ मशीनमध्ये पाणी सोडणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हमध्ये जाते.

धार चांगली आहे तरी भरत नाही, तर जाळी. एक जाळी नळीच्या तोंडाशी असते, दुसरी मशीनच्या इनलेटमध्ये. तोटी बंद, प्लग बाहेर, नळी सोडा, आतली प्लास्टिकची जाळी मधल्या दांडीला बारीक पकडीने धरून सरळ ओढा. शेवाळ आणि वाळू ब्रशने निघते. विदर्भातल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसतो, तो ब्रशला दाद देत नाही. ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून जाळी २० मिनिटं ठेवा. ब्लिचिंग पावडर त्यात मिसळू नका, विषारी वायू सुटतो. जाळी काढून टाकून मशीन चालवणारेही आहेत. मग खडा व्हॉल्व्हच्या रबरी पडद्यात अडकतो आणि मशीन बंद असतानाही पाणी आत झिरपत राहतं. त्यापेक्षा तोटीआधी पाऊण इंची वाय स्ट्रेनर (लाईनमध्ये बसणारी गाळणी) बसवा.

यानंतर कान लावा. पाणी भरायच्या वेळी व्हॉल्व्हची बारीक घरघर ऐकू येते पण पाणी नाही: दाब कमी किंवा व्हॉल्व्ह क्षाराने जाम. घरघरच नाही: कमी व्होल्टेज, व्हॉल्व्ह उघडणारी कॉइल किंवा मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. शेतीपंप सुरू असताना व्होल्टेज १७० पर्यंत पडतं, कॉइल उचलत नाही. रात्री तीच मशीन मुकाट भरते. स्टॅबिलायझर लावाच. प्लग काढून, वायर सोडून कॉइल मल्टिमीटरवर मोजली तर साधारण साडेतीन ते पाच किलोओहम यावी. काहीच दाखवत नसेल तर व्हॉल्व्ह बदला. कपड्यांच्या सॉफ्टनरच्या कप्प्याचा व्हॉल्व्ह वेगळा असेल आणि त्यातून पाणी येत असेल, तर बिघाड मुख्य व्हॉल्व्हपुरताच आहे.

टब रिकामा असून मशीन पाणी न घेताच फिरायला लागली तर लेव्हल सेन्सरची (पाण्याची पातळी ओळखणाऱ्या भागाची) बारीक नळी गाळाने तुंबलेली असते. सेन्सरकडचं टोक काढून टबच्या दिशेने हळू फुंका. सेन्सरमध्ये कधीच नाही. पाणी येतंय पण चढत नाही, तर ड्रेन व्हॉल्व्हमध्ये बटण, नाणं किंवा सुताचा गुंता अडकलाय.

नवीन घेणाऱ्यांनी दुकानात आधी किमान दाबाचा आकडा विचारावा. कमी दाबावर चालणारा व्हॉल्व्ह असलेली मॉडेलं मिळतात, थोडे पैसे जास्त गेले तरी तीच घ्या. आणि टाकीच नसेल, नळ दिवसाआड येत असेल, तर सरळ सेमी ऑटोमॅटिक. तिच्यात बहुधा इनलेट व्हॉल्व्हच नसतो, हंड्याने ओतलेलं पाणीही चालतं.