धावडा म्हणून ओली निलगिरी गळ्यात मारली, त्याची हकीकत

बोकेन (जपानी लाकडी तलवार), जोची काठी (सरावाची लांब जपानी काठी), टोन्फा (आडव्या मुठीचा दांडका), मर्दानी खेळाच्या पथकांच्या लाकडी तलवारी असलं काही तुम्ही स्वतः घडवत असाल आणि कोणी "जुन्या बैलगाड्यांचा धावडा आहे, पूर्ण मुरलेला, पुन्हा मिळायचा नाही" म्हणत फोटो पाठवले, तर पैसे सोडण्याआधी हे वाचा. माझे वाहतुकीसकट 24,000 रुपये गेले. पैशाचं एक वेळ सोडा, पण ते लाकूड क्लासमधल्या पोरांच्या हातात जाता जाता राहिलं.

पुण्याबाहेर माझं छोटं वर्कशॉप आहे. वर्षभर कराटे आणि ऐकिदोच्या क्लासची कामं असतात, शिवजयंतीच्या आधी मर्दानी खेळाच्या पथकांची गर्दी होते. जपानात बोकेन बनवतात ते तिकडच्या पांढऱ्या किंवा तांबड्या ओकचे. क्युशू बेटावरचं मियाकोनोजो हे गाव त्यासाठीच ओळखलं जातं. ते लाकूड इथे मागवायचं तर एका काठीच्या पैशात दहा काठ्या होतील. म्हणून आपल्याकडचंच काही बघावं लागतं. गिऱ्हाईक हटकून साग मागतं. सागाची दारं करावीत, कपाटं करावीत, पण लाकडावर लाकूड आपटायचं असेल तर तो हलकाही पडतो आणि रेषेत उकलतोही. बाभूळ चांगली, पण सरळ लांब तुकडा नशिबात असेल तर मिळतो. तिवस चांगला. आणि धावडा तर उत्तमच. गाडीचे आख, कुऱ्हाडी-कुदळींचे दांडे पिढ्यान्‌पिढ्या ज्याचे झाले तो हा. डिंकाच्या लाडवांसाठी वाण्याकडे धावड्याचा डिंक मागतात ना, तेच झाड. झटका सोसण्यात त्याला तोड नाही, फक्त सुकायला फार वेळ घेतो आणि सुकताना चिरतो. त्यामुळे मुरलेला धावडा तयार मिळतोय म्हटल्यावर कुठल्याही मिस्त्रीचे कान टवकारणारच. विकणाऱ्याला हे पक्कं माहीत होतं.

हा माणूस एका ओळखीच्या ओळखीतून व्हॉट्सअ‍ॅपवर आला. दुसऱ्या जिल्ह्यात वखार आहे, जुन्या गाड्या भंगारात घेऊन त्यांचं लाकूड चिरून विकतो, असं सांगायचा. बोलायला गोड, कामाची भाषा येणारा. नमुना म्हणून पाठवलेले तुकडे अस्सल होते, हे मी आजही म्हणेन. रंधा मारला तर पिवळट करडं अंग निघालं, मध्ये जांभळट तपकिरी गाभ्याची पट्टी. पटाशी टेकवली की हाताला कळत होतं. त्यातून एक जोची काठी काढली, ऐकिदोच्या सरांना दिली, सर खूश. मी लगेच त्या विकणाऱ्याला 60 नगांची ऑर्डर दिली, नगाला 350 रुपये. निम्मे पैसे आधी आणि निम्मे माल गाडीवर चढल्यावर, तेही "भाच्याच्या नंबरवर टाका, माझं खातं जरा अडकलंय" अशा थाटात.

माल आला तेव्हा तो स्वतः टेम्पोसोबत होता. सगळे तुकडे तांबूस, तेलकट, दोन्ही टोकांना लाल ऑइलपेंट. टोकं का रंगवली विचारलं तर म्हणाला, "तडे जाऊ नयेत म्हणून." हे उत्तर खोटं नाही. चांगल्या वखारीतही लाकडाची टोकं मेणाने किंवा रंगाने बंद करतात, कारण ओल टोकांतून भराभर बाहेर पडते आणि तिथे चिरा जातात. पण पूर्ण मुरलेल्या लाकडाला त्याची काय गरज? आणि त्या रंगाखाली आडवा छेद झाकला जातो, जिथे लाकडाची जात सगळ्यात आधी ओळखू येते. मग त्याने खिशातून ओलावा मोजायचं मीटर काढलं, त्याच्या दोन सुया एका तुकड्याच्या कडेला टोचल्या आणि आकडा दाखवला: 12 टक्के, म्हणजे कोरडं. वर म्हणाला, "मिस्त्री, हातात घेऊन बघा. वजन बोलतंय."

खरंच बोलत होतं. 4 बाय 4 सेंमी जाडीचा आणि 135 सेंमी लांबीचा तुकडा कोरड्या धावड्याचा असेल तर दोन किलोच्या आसपास भरतो. काट्यावर ठेवला, 1 किलो 900 ग्रॅम. सगळी लबाडी याच आकड्यात होती.

पोटमाळ्यावर पट्ट्या घालून माल रचून ठेवला. काही आठवड्यांत वरच्या थरातले तुकडे पिळवटायला लागले. एक टोक जमिनीला टेकवलं की दुसरं टोक वाऱ्यावर. मग तोच तुकडा पुन्हा काट्यावर ठेवला तर दीड किलोच्या थोडा वर. तेव्हा उलगडा झाला. निलगिरी सुकली की धावड्यापेक्षा बरीच हलकी होते, पण ओली असताना तिच्यातलं पाणी ही कसर बरोबर भरून काढतं. म्हणजे या गृहस्थाने मला धावड्याच्या भावात पाणी विकलं होतं. मीटरचा आकडाही खोटा नव्हता. उन्हात पडलेल्या लाकडाची वरची कातडी आधी सुकते आणि सुया फक्त तेवढंच वाचतात. आत ओल तशीच.

रंग कसला होता तेही कळलं. थिनरमध्ये भिजवलेला कापूस घासला तर विटकरी डाग निघाला, अळशीच्या तेलात कालवलेली गेरू. रंध्याचे चार हात मारल्यावर खाली फिकट गुलाबी लाकूड. लाल टोक इंचभर कापून उडवलं, धारदार पटाशीने छेद गुळगुळीत केला आणि थुंकी लावून भिंगाखाली धरला. जुन्या नमुन्याचं टोक शेजारी ठेवल्यावर दोन्हींची बारीक छिद्रं इतकी वेगळी दिसत होती की शेंबडं पोरही सांगेल.

तरी एक बोकेन घडवून पाहिला, कारण सर्वांत सरळ दिसणारे काही तुकडे वाया घालवायचं जिवावर आलं होतं. माझ्याकडे अंगणात एका खांबाला जुना टायर बांधलेला आहे. कुठलंही शस्त्र बाहेर जाण्याआधी त्यावर आपटतो. हा बोकेन मोडला तो टोकापासून वीतभर मागे, आणि आडवा नाही मोडला. तिरकी लांबलचक कपची निघाली, सुरीसारखी, आणि कुंपणापलीकडे जाऊन पडली. दोघांच्या सरावात हे झालं असतं तर समोरच्याचं तोंड कुठे असतं, तेवढाच विचार करा. असं होतं कारण निलगिरीच्या खोडात नसा (लाकडाच्या धाग्यांच्या रेषा) अनेकदा पीळ घेत चढतात. करवतीने तुकडा सरळ कापला तरी आतली नस तिरपी बाहेर पडते, आणि जोर आला की लाकूड त्याच तिरप्या वाटेने सुटतं. वरून पाहिलं तर काठी एकदम सरळ.

त्याला फोन केला. पहिलं उत्तर: "लाकूड आहे मिस्त्री, लोखंड नाही. हवेनं वाकणारच." दुसऱ्या वेळी: "पुढच्या गाडीत अ‍ॅडजस्ट करून देतो." मग फोन उचलणं बंद. पावती काढून बघितली तर त्यावर धावडा हा शब्दच नाही. "जंगलवूड, नग 60" एवढंच, जीएसटी क्रमांक नाही, वाहतूक परवाना नाही. परवान्याबद्दल माल घेतानाच विचारलं होतं, तेव्हा म्हणाला होता, जुन्या गाड्यांच्या लाकडाला पास कशाला? आता कळतंय, निलगिरी शेतात लावतात आणि बऱ्याच राज्यांत तिला वाहतूक परवान्यातून सूट आहे, म्हणून तो निर्धास्त होता. आणि समजा माल खरोखर जंगलातला धावडा असता, तर बिनपासाचं लाकूड माझ्या दारात सापडलं असतं आणि 1927 च्या वन कायद्याची उत्तरं मला द्यावी लागली असती. दोन्हीकडून मरण आपलंच.

आता मी काय करतो ते सांगतो. वजनावर भुलायचं नाही, निदान एकट्या वजनावर तरी नाही. तुकडा घेतला की मधोमध कापायचा, टोकाला नाही, कारण टोक नेहमीच जास्त सुकं असतं. त्या मधल्या जागेतून इंचभराची चकती काढायची, किचनच्या डिजिटल काट्यावर तोलायची आणि ओव्हनमध्ये साधारण 103 अंशांवर ठेवून वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवायची. आधीच्या वजनातून नंतरचं वजा करा, उरलेल्याला नंतरच्या वजनाने भागा, शंभराने गुणा. उत्तर म्हणजे ओलाव्याचा टक्का. तो 12 च्या आसपास आला तर काम करायला हरकत नाही. 25-30 आलं तर विकणारा "मुरलेलं" म्हणतोय ते लाकूड परवापर्यंत उभं झाड होतं. नुसतं हवेवर सुकवायचं तर जुने लोक इंचाला एक वर्ष धरायचे. धावड्याला मी त्याहून जास्त धरतो. वखारवाला मध्ये कापू देत नसेल तर तिथून उठायचं.

नसेची परीक्षा तर अगदी फुकट आहे. रंधा मारलेल्या बाजूवर पातळ शाईचा थेंब टाका. शाई नसेच्या वाटेने पसरते आणि बारीक रेघ काढते. अमेरिकेत बेसबॉलच्या मेपल बॅटवर असाच ठिपका देऊन बघतात, आणि नस 3 अंशांहून जास्त तिरपी असेल तर बॅट बाद. 3 अंश म्हणजे मीटरमागे जेमतेम 5 सेंमी. जोची काठी सव्वा मीटरहून लांब असते, तिला हा नियम लावून बघा, "सिलेक्टेड माल" म्हणून आलेल्या ढिगातून किती काठ्या उरतात ते. दुसरा उपाय त्याहून जुना: तुकड्याचं टोक वाकसाने फोडायचं. लाकूड ज्या वाटेने फाटतं तीच त्याची खरी नस, करवत काहीही म्हणो.

जातीबद्दल शंका असेल तर भांडत बसू नका. बंगळूरूची इन्स्टिट्यूट ऑफ वूड सायन्स अँड टेक्नॉलॉजी आणि डेहराडूनची वन संशोधन संस्था शुल्क घेऊन लाकडाची जात सांगतात. माझ्या तुकड्याचा लेखी अहवाल निलगिरी असाच आला, आणि तक्रारीत सगळ्यात वजनदार कागद तोच आहे. बिबळा कोणी देत असेल तर त्याची एक मजेदार ओळख आहे, थोड्या ढलप्या काचेच्या ग्लासात पाण्यात टाका आणि उन्हात धरा, पाण्याला निळसर झाक येते. शिसव म्हणून काळं रंगवलेलं काहीबाही तर सर्रास फिरतंय. तिथे थिनरचा कापूस पुरतो. आणि खऱ्या शिसवाची काठी परदेशातल्या कोणाला पाठवायची असेल तर आधी चौकशी करा, शिसवाचं सगळं कूळ 2017 पासून साइट्स (CITES) या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, कस्टम्समध्ये अडकेल.

तक्रारीचं म्हणाल तर, धंद्यासाठी घेतलेला माल असला की ग्राहक आयोगात जाता येत नाही असं अनेक जण सांगतील. मलाही सांगितलं. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतः काम करून पोट भरण्यासाठी घेतलेल्या मालाला या अटीतून वगळलेलं आहे, म्हणजे तक्रार करता येते. स्वतः रंधा मारणारा मिस्त्री त्यात बसतो, माझ्या वकिलांचं हेच म्हणणं. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही. सुरुवातीला 1915 या हेल्पलाइनवर नोंद करता येते. पण कागद हवेत. बिलावर झाडाचं नाव, ओलावा आणि जीएसटी क्रमांक लिहून घ्या, पैसे ज्याचं बिल त्याच्याच खात्यावर टाका, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका. माझ्याकडे "100% धावडा, गॅरंटी" असा त्याचा आवाजी मेसेज आहे, बिलातल्या जंगलवूडला उत्तर द्यायला तोच उभा राहील.

पहिली नोटीस "पत्ता अपुरा" म्हणून परत आली. दुसरी भाच्याच्या बँकेतल्या पत्त्यावर पाठवली, ती पोचली. तारीख पडली आहे. सरांची ऑर्डर बाभळीत काढतोय, उशिरा का होईना. त्या माणसाचा नंबर अजून चालू आहे. परवा ओळखीच्या एका मिस्त्रीने त्याच्या स्टेटसचा फोटो मला पाठवला: तेच तांबूस तेलकट तुकडे, टोकांना तोच लाल ऑइलपेंट, आणि खाली लिहिलंय, "अस्सल तिवस, जुन्या वाड्याचा, थोडाच माल शिल्लक."